विंबल्डनमधील पुरुष दुहेरी : एका स्वतंत्र खेळाचे परावलंबित्व

गोषवारा : विंबल्डन स्पर्धेतील पुरुष दुहेरीचे सामने २०२३ पासून पाचऐवजी तीन सेटांचे झाले. वरवर पाहता हा बदल वेळापत्रकाच्या सोयीचा वाटतो. परंतु दुहेरी हा स्वतंत्र खेळ मानावयाचा की एकेरीची पुरवणी, हा जुना वाद त्याच्या मुळाशी आहे. दुहेरीचे तंत्र, विंबल्डनमधील तिचा इतिहास, गुणपद्धतीचे गणित आणि पारितोषिकांची विभागणी यांच्या आधारे प्रस्तुत लेखात या वादाचा विचार केला आहे.

बीजशब्द : विंबल्डन, पुरुष दुहेरी, गुणपद्धती, ड्यूस, पारितोषिके, क्रमवारी.

प्रास्ताविक

विंबल्डन २०२२ च्या पुरुष दुहेरीचे विजेतेपद मॅथ्यू एब्डेन व मॅक्स पर्सेल या ऑस्ट्रेलियन जोडीने मिळविले. उपांत्य सामन्यात राजीव राम व जो सॅलिसबरी यांच्याविरुद्ध पहिले दोन्ही सेट गमावल्यानंतर या जोडीने पुढचे तिन्ही सेट जिंकले. अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या निकोला मेक्टिच व माते पाविच यांच्याविरुद्ध तीन सेटांअखेर ती १-२ अशी मागे होती. तो सामना चार तासांहून अधिक चालला आणि पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये निकाली निघाला. पुढच्याच वर्षी पुरुष दुहेरीचे सामने तीन सेटांचे करण्यात आले. तो नियम एक वर्ष आधी लागू असता, तर एब्डेन व पर्सेल यांचा उपांत्य सामना दुसऱ्या सेटअखेरच संपला असता आणि विजेत्यांच्या फलकावर दुसरीच नावे कोरली गेली असती.

ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि अमेरिकन या उर्वरित तीन ग्रँड स्लॅम स्पर्धांनी पुरुष दुहेरीतील पाच सेटांची प्रथा पूर्वीच सोडली होती. विंबल्डनने ती सर्वांत शेवटी सोडली. एकेरीत मात्र चारही स्पर्धांमध्ये पुरुषांचे सामने आजही पाच सेटांचेच आहेत. एकाच मैदानावर, एकाच पंधरवड्यात, एकाच चेंडूने खेळल्या जाणाऱ्या दोन प्रकारांपैकी एकाचीच लांबी का कमी करावी लागली, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आधी दुहेरीचे स्वरूप समजून घेणे आवश्यक ठरते.

दुहेरीचे मैदान आणि तंत्र

टेनिसच्या मैदानाची लांबी ७८ फूट असते. एकेरीसाठी त्याची रुंदी २७ फूट, तर दुहेरीसाठी ३६ फूट असते. दोन्ही बाजूंच्या साडेचार फुटांच्या पट्ट्या दुहेरीत खेळाच्या कक्षेत येतात. साध्या गणिताने पाहिले तर एकेरीच्या खेळाडूस जाळ्याच्या आपल्या बाजूस १,०५३ चौरस फूट जागा राखावी लागते. दुहेरीच्या जोडीस १,४०४ चौरस फूट, म्हणजे प्रत्येकी ७०२ चौरस फूट राखावी लागते. मैदान एकतृतीयांशाने रुंद झाले, तरी प्रत्येक खेळाडूच्या वाट्याची जागा एकेरीच्या दोनतृतीयांशच राहते. दुहेरीतील डावपेचांचे मूळ या गुणोत्तरात आहे.

एकेरीत गुण मिळविण्याचा मुख्य मार्ग म्हणजे प्रतिस्पर्ध्याला मोकळ्या जागेकडे धाववणे. दुहेरीत मोकळी जागा फारच थोडी असते, ती निर्माण करावी लागते. म्हणूनच दुहेरीचा खेळ जाळ्याजवळ सरकतो. जाळ्यालगत उभा असलेला खेळाडू चेंडूचा टप्पा पडण्याआधी तो व्हॉलीने खाली मारू शकतो, आणि खालून वर चेंडू उचलावा लागणारी जोडी आपोआप बचावात जाते. उत्तम परतीचा फटका वेगवान असावा लागतो असे नाही. तो पुढे धावत येणाऱ्या सर्व्हिसकर्त्याच्या पायाशी पडला पाहिजे. एकेरीत दुबळा ठरावा असा कापलेला, मंद, बुटका फटका दुहेरीत हुकमी अस्त्र ठरतो. याउलट, बेसलाइनवरून मारलेला जोरकस फटका जाळ्यापासून दीड मीटर उंचीने गेला, तर एकेरीत त्याची वाहवा होते आणि दुहेरीत तो प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटवर आयता जाऊन पडतो.

सर्व्हिस करणाऱ्याच्या जोडीदाराची भूमिका तर एकेरीत अस्तित्वातच नाही. जाळ्यापाशी उभा असलेला हा खेळाडू पाठीमागे हात नेऊन बोटांच्या खुणांनी आपल्या सहकाऱ्यास सांगतो, की सर्व्हिस कोणत्या कोपऱ्यात टाकावी आणि चेंडू परत येताच आपण मध्यभाग ओलांडून तो अडवणार की जागीच थांबणार. ‘आय’ रचनेत तो मैदानाच्या मध्यरेषेवर जवळजवळ बसतो आणि चेंडू सुटताच डावीकडे किंवा उजवीकडे झेपावतो. परतीचा फटका मारणाऱ्यास त्यामुळे चेंडूकडे पाहायचे की जाळ्यापलीकडच्या हालचालीकडे, अशी दुविधा पडते. ऑस्ट्रेलियन रचनेत दोन्ही खेळाडू मैदानाच्या एकाच बाजूस उभे राहतात. या रचनांची नावे इंग्रजी असली, तरी त्यांतील तत्त्व कबड्डीतील साखळीची पकड पाहणाऱ्यास नवीन वाटू नये. एकाने कोणत्या बाजूने जायचे हे दुसऱ्याला क्षणभर आधी ठाऊक असावे लागते.

आणखी एक नियम येथे लक्षात घेतला पाहिजे. जोडीतील कोणी कोणत्या बाजूने सर्व्हिस परतवायची हे सेटच्या आरंभी ठरते आणि त्या सेटमध्ये बदलता येत नाही. साहजिकच वर्षानुवर्षे एकत्र खेळणाऱ्या जोड्यांमध्ये एक जण उजव्या व दुसरा डाव्या बाजूचा विशेषज्ञ बनतो. माईक व बॉब या ब्रायन बंधूंनी मिळून १६ ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळविली आणि ते एकूण ४३८ आठवडे जगातील अव्वल जोडी राहिले. त्यांच्यातील एक उजव्या हाताने आणि दुसरा डाव्या हाताने खेळत असे; हा निसर्गाचा योगायोग त्यांच्या पथ्यावर पडला. एकेरीच्या क्रमवारीत मात्र दोघांपैकी कोणीही वरच्या फळीपर्यंत पोहोचला नाही. दुहेरी हे वेगळे कौशल्य आहे या विधानास याहून सबळ पुरावा देता येणे कठीण आहे.

याउलट जाणारे उदाहरणही विंबल्डनमध्येच सापडते, आणि ते टाळून चालणार नाही. २०१४ मध्ये कॅनडाचा वासेक पॉस्पिसिल आणि अमेरिकेचा जॅक सॉक हे प्रामुख्याने एकेरी खेळणारे दोन तरुण प्रथमच एकत्र आले आणि अंतिम सामन्यात त्यांनी ब्रायन बंधूंनाच पाच सेटांत हरविले. जबरदस्त सर्व्हिस आणि धारदार फोरहँड यांच्या जोरावर विशेषज्ञांच्या समजुतीवर मात करता येते, असे मानणाऱ्यांचा तो आवडता दाखला आहे. तथापि, त्यानंतर सॉकने दुहेरीकडे गांभीर्याने लक्ष दिले आणि २०१८ मध्ये माईक ब्रायनसमवेत पुन्हा विंबल्डन जिंकले, हेही त्या दाखल्यासोबत सांगितले पाहिजे.

विंबल्डनमधील वाटचाल

विंबल्डन स्पर्धा १८७७ मध्ये केवळ पुरुष एकेरीने सुरू झाली. पुरुष दुहेरीचे अजिंक्यपद ऑक्सफर्ड येथे १८७९ पासून खेळविले जात असे. ते १८८४ मध्ये विंबल्डनला आले आणि त्याच वर्षी विल्यम व अर्नेस्ट या रेन्शॉ जुळ्या बंधूंनी ते जिंकले. पुढे रेगी व लॉरी डोहर्टी या बंधूंनी १८९७ ते १९०५ या काळात आठ वेळा हा किताब मिळविला. भावंडांच्या जोड्यांची ही परंपरा ब्रायन बंधूंपर्यंत पोहोचते.

ऑस्ट्रेलियन खेळाडूंनी दुहेरी हा राष्ट्रीय अभिमानाचा विषय केला. जॉन न्यूकोम व टोनी रोश यांनी १९६५ ते १९७४ या काळात पाच वेळा, तर टॉड वुडब्रिज व मार्क वुडफोर्ड यांनी १९९३ ते २००० या काळात सहा वेळा विंबल्डन जिंकले. वुडब्रिजने त्यानंतर स्वीडनच्या योनास ब्योर्कमनसमवेत आणखी तीन विजेतेपदांची भर घातली. त्या काळापर्यंत दुहेरी हा वेगळ्या लोकांचा खेळ झालेला नव्हता. न्यूकोम हे एकेरीचेही विजेते होते. जॉन मॅकेन्रो यांनी १९८१, १९८३ आणि १९८४ अशी तीन वर्षे विंबल्डनची एकेरी व दुहेरी ही दोन्ही विजेतेपदे एकाच वेळी मिळविली. दुहेरीत त्यांचे जोडीदार पीटर फ्लेमिंग होते. १९८४ नंतर एकाही पुरुष खेळाडूस विंबल्डनमध्ये एकाच वर्षी ही दोन्ही विजेतेपदे मिळविता आलेली नाहीत.

या एका वस्तुस्थितीत पुढच्या साऱ्या घडामोडींचे बीज आहे. एकेरीतील शारीरिक मागणी वाढली, पारितोषिके वाढली, प्रवास वाढला, आणि नामवंत एकेरीपटूंनी दुहेरीतून अंग काढून घेतले. पुरुषांच्या ग्रँड स्लॅम एकेरीत जिंकण्यासाठी सात सामने, तेही पाच सेटांचे. त्यात दुहेरीच्या पाच सेटांच्या सहा सामन्यांची भर घालणे कोणत्याही प्रशिक्षकास परवडणारे नव्हते. खेळपट्टीही बदलली. २००१ पासून विंबल्डनच्या हिरवळीसाठी केवळ राय गवत वापरले जाऊ लागले. चेंडूचा टप्पा पूर्वीपेक्षा अधिक एकसारखा झाला आणि सर्व्हिस करून थेट जाळ्याकडे धावण्याची शैली एकेरीतून हळूहळू लोपली. जी शैली एकेरी आणि दुहेरी यांना जोडून ठेवीत होती तीच गेली. व्हॉलीचे शिक्षण हे दुहेरीच्या विशेषज्ञांपुरते उरले.

भारतीय संदर्भ : १९९९

भारताच्या दृष्टीने पुरुष दुहेरीचे महत्त्व एकेरीहून कमी नाही. किंबहुना यशाच्या निकषावर ते अधिकच आहे. १९६६ च्या डेव्हिस करंडकाच्या अखेरच्या लढतीत ऑस्ट्रेलियाने मेलबर्न येथे भारतावर ४-१ असा विजय मिळविला. त्यातील भारताचा एकमेव गुण रामनाथन कृष्णन व जयदीप मुखर्जी यांनी दुहेरीत मिळविला, आणि तोही न्यूकोम व रोश यांना पराभूत करून. डेव्हिस करंडकाच्या जुन्या पद्धतीत दोन एकेरी, मग दुहेरी, मग पुन्हा दोन एकेरी असा क्रम असे. एकेरीत एक विजय हमखास मिळविणाऱ्या देशासाठी दुहेरीचा सामना हाच तराजूचा काटा ठरे. या पद्धतीने भारतासारख्या देशांना दुहेरीकडे लक्ष देण्यास भाग पाडले असे म्हणता येते.

लिअँडर पेस व महेश भूपती यांची जोडी याच मातीत घडली. डेव्हिस करंडकात या दोघांनी दुहेरीचे सलग २४ सामने जिंकण्याचा विक्रम केला. १९९९ या वर्षी चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत ही जोडी पोहोचली. ऑस्ट्रेलियात व अमेरिकेत पराभव, पॅरिस व विंबल्डनमध्ये विजय, असा त्या वर्षाचा हिशेब होता. विंबल्डनच्या अंतिम सामन्यात पॉल हारहाउस व जॅरेड पामर यांच्याविरुद्ध पहिला सेट टायब्रेकमध्ये गमावल्यावर त्यांनी ६-७, ६-३, ६-४, ७-६ असा विजय मिळविला. त्याच पंधरवड्यात पेस यांनी लिसा रेमंडसमवेत मिश्र दुहेरीही जिंकली. पेस यांचे वडील वेस पेस हे मूळचे गोव्याचे, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे सदस्य. म्हणजे सांघिक खेळाचा वारसा घरातच होता.

त्या विजयातील तांत्रिक बाब दुर्लक्षित राहते. ही जोडी आकाराने वा ताकदीने त्या काळच्या अनेक जोड्यांच्या तुलनेत उजवी नव्हती. पेस यांची जाळ्यालगतची चपळाई आणि अचानक मध्ये झेपावण्याची सवय प्रतिस्पर्ध्यांना परतीचा फटका मारताना दोनदा विचार करावयास लावी. भूपती यांची भरीव सर्व्हिस आणि बॅकहँडचा परतीचा फटका त्या झेपेला संधी निर्माण करून देई. एकाच्या धाडसाला दुसऱ्याच्या स्थैर्याची जोड, हे सूत्र दुहेरीचे जणू पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. पुढे दोघे विभक्त झाले आणि त्यांच्यातील बेबनावाची चर्चा वृत्तपत्रांतून खेळापेक्षा अधिक झाली. तरी वेगवेगळ्या जोडीदारांसमवेतही दोघांनी ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळविली, आणि २००९ च्या अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तर ते जाळ्याच्या दोन विरुद्ध बाजूंस उभे होते. १९९९ नंतर २०२५ पर्यंत विंबल्डनची पुरुष दुहेरी कोणाही भारतीय खेळाडूस जिंकता आलेली नाही.

रोहन बोपण्णा यांचे उदाहरण निराळ्या कारणासाठी नोंदविण्याजोगे आहे. त्यांनी जानेवारी २०२४ मध्ये एब्डेनसमवेत ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली आणि वयाच्या ४३ व्या वर्षी दुहेरीच्या क्रमवारीत प्रथमच अग्रस्थान मिळविले. पुणे येथे २०१८ ते २०२३ या काळात झालेल्या महाराष्ट्र खुल्या स्पर्धेत त्यांनी दोनदा दुहेरीचे विजेतेपद पटकावले होते. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली. एकेरीत या वयात ग्रँड स्लॅम जिंकणे कल्पनेपलीकडचे आहे. दुहेरीत वाट्याला येणारी कमी जागा आणि अनुभवाला मिळणारे अधिक मोल यांमुळे ते शक्य झाले. त्यांच्या आयुष्यातील हे शिखर तीन सेटांच्या युगातील आहे, हेही येथे नमूद करणे न्याय्य ठरेल.

गुणपद्धतीचे गणित

पाच सेटांऐवजी तीन सेट खेळविल्याने खेळाच्या निकालावर नेमका काय परिणाम होतो? एखादी जोडी प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सरस आहे आणि कोणताही एक सेट जिंकण्याची तिची संभाव्यता ०.६० आहे असे समजू. प्रत्येक सेट स्वतंत्र मानल्यास तीन सेटांच्या सामन्यात तिच्या विजयाची संभाव्यता सुमारे ६४.८ टक्के येते, तर पाच सेटांच्या सामन्यात ती सुमारे ६८.३ टक्के होते. फरक साडेतीन टक्क्यांचा. एका सामन्यापुरता तो किरकोळ वाटेल. परंतु विजेतेपदासाठी ओळीने सहा सामने जिंकावे लागतात. सहाही सामन्यांत हेच प्रमाण गृहीत धरले, तर तीन सेटांच्या पद्धतीत विजेतेपदाची संभाव्यता सुमारे ७.४ टक्के, आणि पाच सेटांच्या पद्धतीत सुमारे १०.१ टक्के येते. सामना जितका लहान तितका दैवाचा वाटा मोठा.

एटीपीच्या नियमित दौऱ्यावर याहून पुढचे पाऊल २००५-०६ मध्येच टाकले गेले होते. संघटनेने २००५ मध्ये दुहेरीचे सेट लहान करण्याचा आणि स्पर्धांतील प्रवेशासाठी एकेरीच्या क्रमवारीस अधिक महत्त्व देण्याचा प्रस्ताव मांडला. दुहेरीच्या अनेक खेळाडूंनी, ज्यांत ब्रायन बंधूही होते, त्याविरुद्ध अमेरिकेतील न्यायालयात धाव घेतली. पुढे तडजोड झाली. सेट सहा गेमांचाच राहिला. मात्र ड्यूसवर पुढचा एकच गुण निर्णायक करण्यात आला आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक आला.

निर्णायक गुणाचा परिणाम पुन्हा गणिताने पाहता येतो. सर्व्हिस करणाऱ्या जोडीने प्रत्येक गुण जिंकण्याची संभाव्यता ०.६५ मानली, तर पारंपरिक पद्धतीत ड्यूसपासून तो गेम तिच्या पदरात पडण्याची संभाव्यता सुमारे ७७.५ टक्के असते. निर्णायक गुणाच्या पद्धतीत ती साहजिकच ६५ टक्क्यांवर येते. अर्थात ड्यूसपर्यंत पोहोचलेल्या प्रत्येक गेममध्ये सरस जोडीचे कवच पातळ होते. प्रेक्षकांच्या दृष्टीने यात उत्कंठा आहे, प्रक्षेपण करणाऱ्यांच्या दृष्टीने निश्चित वेळ आहे. विंबल्डनने पुरुष दुहेरीत सेटांची संख्या घटविली, तरी ड्यूसची पारंपरिक पद्धत आणि पूर्ण तिसरा सेट टिकवून ठेवला. दौऱ्यावरील सामन्यापेक्षा विंबल्डनचा सामना आजही खऱ्या दुहेरीस अधिक जवळचा आहे तो याचमुळे.

दीर्घ सामन्यांची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहावी लागते. २००६ च्या उपउपांत्य सामन्यात मार्क नोल्स व डॅनियल नेस्टर यांनी सायमन अॅस्पेलिन व टॉड पेरी यांना पाचव्या सेटमध्ये २३-२१ असे हरविले, तेव्हा ६ तास ९ मिनिटे उलटली होती. २००७ मध्ये मार्सेलो मेलो व आंद्रे सा यांचा पाचवा सेट २८-२६ पर्यंत लांबला. १९९२ चा अंतिम सामना मॅकेन्रो व मिखाएल श्टिश यांनी पाचव्या सेटमध्ये १९-१७ असा जिंकला, पण त्यासाठी दुसरा दिवस उजाडावा लागला. या तिन्ही सामन्यांत एक समान धागा आहे : तिसऱ्या सेटअखेर विजेती जोडी १-२ अशी मागे होती. अर्थात सामना तीनच सेटांचा आहे हे आधी ठाऊक असते तर खेळाडू निराळे खेळले असते, ही शक्यता वगळता येत नाही.

अशा सामन्यांनंतर पुढच्या फेरीत त्या जोडीची दमछाक होई, मिश्र दुहेरीतील त्यांच्या सहकाऱ्यांचे वेळापत्रक कोलमडे आणि पावसाळी वर्षी तर सारी स्पर्धाच रेंगाळे. १९८२ मध्ये पावसाने झालेल्या खोळंब्यामुळे दुहेरीचा अंतिम सामनाच तीन सेटांचा खेळवावा लागला होता. विंबल्डनने २०१९ मध्ये पाचव्या सेटला १२-१२ वर टायब्रेक लागू केला. त्याचा पहिला वापर पुरुष दुहेरीतच झाला, तेव्हा हेन्री कॉन्टिनेन व जॉन पीअर्स यांनी राम व सॅलिसबरी यांना हरविले. २०२२ पासून हा टायब्रेक ६-६ वर आणि दहा गुणांचा झाला. म्हणजे अंतहीन पाचव्या सेटचा प्रश्न २०२३ पूर्वीच सुटला होता. सेटांची संख्या कमी करण्याचे समर्थन केवळ त्या कारणाने होऊ शकत नाही.

पारितोषिके आणि अवलंबित्व

मग खरे कारण कोणते? वेळापत्रकाची निश्चिती हे एक. आणि एकेरीच्या खेळाडूंनी दुहेरीत अधिक संख्येने उतरावे ही अपेक्षा हे दुसरे. ही अपेक्षाच दुहेरीच्या परावलंबित्वाची कबुली आहे.

विंबल्डन २०२५ मध्ये पुरुष एकेरीच्या विजेत्यास ३० लाख पौंड मिळाले. पुरुष दुहेरीच्या विजेत्या जोडीस ६ लाख ८० हजार, म्हणजे प्रत्येकी ३ लाख ४० हजार पौंड मिळाले. प्रमाण जेमतेम एक नवमांश. पहिल्याच फेरीत हरणाऱ्या एकेरीपटूस ६६ हजार पौंड, तर तशाच जोडीस १६,५०० पौंड; प्रत्येकी हिशेब केला तर बरोबर एक अष्टमांश. प्रवास, निवास, प्रशिक्षक यांचा खर्च दुहेरीच्या खेळाडूस अष्टमांश येत नाही, हे वेगळे सांगावयास नको. दुहेरीत ६४ जोड्या असल्या, तरी मुख्य फेरीत स्थान मिळविण्यासाठी खेळाडूस आपल्या एकेरीच्या क्रमवारीचाही आधार घेता येतो. परिणामी एकेरीत शंभराच्या आत असलेला आणि वर्षभर दुहेरी न खेळलेला खेळाडू सहज प्रवेश मिळवितो, आणि दुहेरीवरच उदरनिर्वाह करणारी एखादी जोडी दाराबाहेर राहते.

या विभागणीचे समर्थन असे केले जाते, की तिकिटे आणि प्रक्षेपणाचे हक्क एकेरीच्या नावांवर विकले जातात. विधान खोटे नाही. मात्र ते वर्तुळाकार आहे. दुहेरीचे सामने प्रक्षेपणात क्वचित दिसतात, म्हणून खेळाडू ओळखीचे होत नाहीत. ओळखीचे नाहीत म्हणून सामने दाखविले जात नाहीत. २०२५ मध्ये ज्युलियन कॅश व लॉइड ग्लासपूल या ब्रिटिश जोडीने विंबल्डन जिंकले. दोघेही ब्रिटिश असलेल्या जोडीस हा मान १९३६ नंतर प्रथमच मिळत होता. यजमान देशाला ८९ वर्षांनी लाभलेल्या या यशाचे कौतुक ब्रिटनमध्ये झाले, हे खरे. परंतु एकेरीत अँडी मरे यांच्या २०१३ मधील विजयानंतर, ७७ वर्षांची प्रतीक्षा संपली तेव्हा, उसळलेल्या लाटेशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

तीन सेटांचा सामना दर्जाने हलका असतोच असेही नाही. २०२४ च्या अंतिम सामन्यात हॅरी हेलिओव्हारा व हेन्री पॅटन यांनी पर्सेल व जॉर्डन थॉम्पसन यांना हरविले तेव्हा तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले आणि अखेरचा टायब्रेक ११-९ असा संपला. हरलेल्या जोडीतील पर्सेल हे २०२२ चे पाच सेटांचे विजेते होते.

एकेरीतील नावांवर दुहेरी जगवावी, या विचाराचे टोक २०२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत पाहावयास मिळाले. तेथील मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात हलविण्यात आली. जोड्यांची संख्या १६ करण्यात आली आणि त्यांतील अर्ध्या जोड्यांची निवड एकेरीच्या क्रमवारीवर झाली. अंतिम सामना वगळता सेट चार गेमांचे ठेवण्यात आले. मैदाने भरली, प्रक्षेपण झाले, एकेरीचे अग्रगण्य खेळाडू हसत-खेळत उतरले. आदल्या वर्षीचे विजेते सारा एर्रानी व आंद्रेआ वाव्हासोरी हे दुहेरीचे इटालियन विशेषज्ञ विशेष प्रवेशपत्रिकेवर खेळले आणि अंतिम सामन्यात इगा श्विआंतेक व कॅस्पर रूड यांना ६-३, ५-७, १०-६ असे हरवून पुन्हा विजेते ठरले. २०२४ मध्ये याच विजेतेपदासाठी त्यांना २ लाख डॉलर मिळाले होते. एकेरीच्या तारकांसाठी रचलेल्या नव्या स्पर्धेत, अधिक लहान सामन्यांसाठी, त्याच दोघांना १० लाख डॉलर देण्यात आले.